हातचा राखलेला हिसका

"मानवजातीच्या इतिहासात आज प्रथमच," त्रिविक्रम मोटर्सचे एमडी माइकसमोर म्हणाले, "माणूस आपल्या घरी राहणार आहे आणि त्याचं कसब समुद्र ओलांडणार आहे. चाक, वाफेचं इंजिन, वीज, आणि आता हे! मित्रहो, आपण कारखाना बंद करत नाही आहोत. आपण चाकणला अमर करत आहोत."

एवढं बोलून त्यांनी स्टेजवर हार घालून उभ्या केलेल्या नव्या गाडीचं दार उघडलं आणि टाळ्यांच्या अपेक्षेनं लावलं. ते लागलं नाही. पुन्हा लावलं. ते लागलं, आणि जरा विचार करून आपणहून उघडलं. तिसऱ्या वेळी एमडींनी अमरत्वाला शोभेल इतका जोर लावला, तेव्हा आरशाला अडकवलेला झेंडूचा हार तुटून त्यांच्या बुटांवर पडला. मग ते माइकपासून बाजूला झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताच्या आवाजात म्हणाले, "कड कुठायत?"

मुरलीधर कड तिसऱ्या रांगेत बसला होता. तो वर गेला. डावा पाय जरा तिरका टाकून उभा राहिला, दाराला खांदा दिला, खालच्या कडेला गुडघा लावला, बिजागरीच्या बाजूला मुठीनं दोनदा ठोकलं आणि बोट फिरवून फट पाहिली. शेवटी कुलपाच्या खाली तळवा नेऊन त्यानं काहीतरी केलं. काय केलं ते पहिल्या रांगेलाही दिसलं नाही. मग त्यानं दार नुसतं सोडून दिलं.

टप्.

त्या दिवशीच्या पहिल्या खऱ्या टाळ्या तेव्हा पडल्या. एमडींनी त्या स्वतःच्या भाषणाला पडल्या असं समजून मान लववली.

मुरलीधरचं काम एवढंच: गाडीची दारं बसवायची. बाकी सगळं यंत्रं करत. पत्रा यंत्रं कापत, रंग यंत्रं मारत, आणि कामगारांचा चहाही गेल्या दिवाळीपासून यंत्रच करत असे. त्याबद्दल न बोललेलं बरं. दार मात्र अवघड. पत्रा सकाळी एका स्वभावाचा असतो, उन्हं चढली की दुसऱ्या. रबराची पट्टी कधी फुगलेली, कधी रुसलेली. दार आणि खांब यांच्यातली फट चारी बाजूंनी सारखी यायला हवी, आणि लावल्यावर आवाज असा यायला हवा की गिऱ्हाइकाला वाटावं, आपण आयुष्यात बरोबर निर्णय घेतलाय. हे जमणारा यंत्रमानव होता. पण त्याची किंमत ऐकल्यापासून एमडींना मुरलीधर आवडू लागला होता.

हे कसब तो शिकला योआखिमकडून. सत्तावीस वर्षांपूर्वी हा कारखाना असाच एका थंड देशातून उचलून इथे आणला गेला होता, कारण तिथले हात महाग झाले होते. त्या वेळी चाकणमध्ये कुणी याला पळवापळवी म्हटलं नव्हतं. पेढे वाटले होते. योआखिम हा पांढऱ्या मिशांचा फोरमन वर्षभर राहिला, मुरलीधरला दारं शिकवली आणि जाताना रडला. चाकणकरांना वाटलं, मिसळीनं.

योआखिमचा हात फट जुळली की दारावर क्षणभर थांबायचा. मुरलीधरला वाटे, वय झालं म्हाताऱ्याचं. पुढची गोष्ट मुरलीधरनं आपली आपण शोधली, दोन वर्षांनी. काचेच्या वजनानं आणि रोजच्या उघडझापीनं दार सहा महिन्यांत केसभर खाली बसतं. ते आधीच तेवढं वर घेऊन ठेवायचं. कुलपाखाली तळवा, वर एक हिसका, फार तर तांदळाच्या दाण्याएवढा. त्रिविक्रमच्या गाड्यांची दारं बारा-बारा वर्षं लोंबत नसत ती या दाण्यामुळे. आणि हा दाणा कारखान्याच्या कुठल्याही कागदावर नव्हता.

* * *

"काका, तुमचं कसब हातात नाहीये," ऋजुता बेलसरे म्हणाली. ती कंपनीची इंजिनियर, तिशीतली, कँटीनमध्ये त्याच्यासमोर उसळ घेऊन बसली होती.

"मग काय पायात आहे?"

"डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर. लहान मेंदू म्हणतात त्याला."

"म्हणजे मोठा बिनकामाचा?"

"दारापुरता, जवळजवळ."

ऋजुतानं मग चमच्यानं उसळीत आकृत्या काढत त्याला सगळं सांगितलं. हजारो वेळा केलेली हालचाल लहान मेंदूत जाऊन बसते. म्हणून सायकल चालवताना आपण विचार करत नाही, आणि विचार केला की पडतो. तिथे बसलेली आठवण दगडासारखी घट्ट असते असं पूर्वी वाटायचं. तसं नाही. आठवण वापरायला काढली की ती ओली होते, ताज्या सिमेंटसारखी, आणि थोड्या वेळानं परत वाळते. कंपनीनं एक टोपी बनवली होती. ती डोक्याला घातली की हा ओलेपणा काही मिनिटांऐवजी दिवसभर टिकायचा. तेवढ्यात ती आठवण वाचून घ्यायची. हातात खांद्यापर्यंत एक बाही असायची. ती कुठला स्नायू कधी आणि किती आवळला याची नोंद घ्यायची. असे चाळीस दिवस. मग दुसऱ्या टोकाला, इथिओपियात हवासा नावाच्या गावी, नव्या माणसाला तशीच टोपी आणि तशीच बाही चढवायची. बाही बारीक करंट देऊन त्याचा हात मुरलीधरसारखा हलवणार, टोपी त्याच क्षणी त्याच्या मेंदूला समजावणार की बाबा, हे तूच केलंस. एकोणीस दिवसांत सत्तावीस वर्षं.

"आजवर कारखाने हलायचे," ऋजुता म्हणाली, "पण शहाणे हात मागे राहायचे. स्वस्त हात कुठेही मिळतो. शहाणा मिळत नाही, कारण शहाणा व्हायला वीस वर्षं लागतात."

"आणि तेवढ्यात त्याला युनियन सापडते," मुरलीधर म्हणाला.

ऋजुता हसली. मग तिनं त्याच्यासमोर सोळा पानांचा करार ठेवला. मुरलीधरनं त्यातलं स्वतःचं नाव नीट वाचलं, बरोबर होतं, आणि सही केली.

* * *

युनियननं शेवटपर्यंत निकराचा लढा दिला होता आणि निरोपाच्या जेवणात पुरणपोळी हवी ही मागणी मान्य करून घेतली होती. युनियनचे सेक्रेटरी पोपटराव शेवकरी हे मुरलीधरचे तालमीतले जोडीदार. सहीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला स्कूटर स्टँडवर गाठलं.

"मुरल्या, ढोबळे वस्ताद आठवतो का?"

"न आठवायला काय झालं. अजून कान दुखतो."

"सगळे डाव शिकवले त्यानं आपल्याला. एक सोडून. उद्या पठ्ठ्या अंगावर आला तर काय, म्हणून एक आपल्यापाशी ठेवला. शेवटपर्यंत कुणाला दाखवला नाही. गेला तेव्हा मयतीला हजार माणूस होतं."

"डाव शिकवला असता तर काय नऊशे आले असते?"

"शाना होऊ नको. ऐक. तुझा तो हिसका द्यायचा नाय. गॅप जुळली, हात काढून घ्यायचा. सहा महिन्यांनी तिकडं दारं लोंबायला लागली की बसतील बोंबलत. येतील गाडी घेऊन तुझ्या दारात. कारखाना परत येईल, मुरल्या. तुझ्या एका तळव्यावर अडीच हजार घरं आहेत!"

स्वतःच्या तळव्याकडे या दृष्टीनं मुरलीधरनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं पाहिलं. बरंच काही मावेल असं वाटलं.

टोपी-बाहीनं नोंद घेणं, म्हणजे कंपनीच्या भाषेत 'मुद्रण', सुरू झालं. बाही सकाळी आठला चढायची ती साडेचारलाच उतरायची; पावणेअकराच्या सुट्टीतसुद्धा चढलेलीच. दिवसाला दोनशे दारं. फट जुळली की हात सवयीनं कुलपाखाली निघायचा आणि मुरलीधर त्याला अडवायचा. पहिले दिवस फार जड गेले; समोर ताट असावं आणि तोंडाला कुलूप असावं तसे. त्यानं एक युक्ती काढली. फट जुळली की मनात 'एक' म्हणायचं आणि हात सोडून द्यायचा. पंधराव्या दिवशी हात कमी ओढ घ्यायला लागला. तिसाव्या दिवशी अडवायची गरजच राहिली नाही. आपला स्वतःवर केवढा ताबा आहे, याचं मुरलीधरला मोठं कौतुक वाटलं. चाळिसाव्या दिवशी त्यानं पोपटरावांना नुसता डोळा मारला.

कारखाना बंद झाला. मुरलीधरला 'आंतरराष्ट्रीय हस्तगुरू' असं प्रमाणपत्र मिळालं; ते घरी फ्रिजच्या वर लागलं. हवासाच्या कारखान्याच्या दर्शनी भागात त्याच्या उजव्या हाताचा पितळी पुतळा उभा राहिल्याचा फोटोही आला. चाकणच्या इमारतीचं त्रिविक्रम लॉन्स झालं. जिथे गाड्यांना रंग चढायचा तिथे आता नवरीला हळद चढू लागली, आणि चौकातल्या उड्डाणपुलाचं काम प्रगतिपथावर राहिलं.

* * *

दोन महिन्यांनी मुरलीधरचा मेव्हणा बबन भाजीचा पिकअप घेऊन आला. दार लागत नव्हतं. पंचक्रोशीत कुणाचंही कसलंही दार लागेनासं झालं की मुरलीधरकडेच यायचं, अशी रीत होती. त्यानं देवळाचं दार बसवलं होतं, पतसंस्थेच्या तिजोरीचं बसवलं होतं, आणि एकदा तर एका पाहुण्यांचा कवळीचा डबाही.

खांदा, गुडघा, मूठ. फट जुळली. आता समोर कंपनी नव्हती, टोपी नव्हती. मुरलीधरनं हसतहसत तळवा कुलपाखाली नेला.

काहीच झालं नाही.

जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं धरून चालावं आणि ती नसावी, तसा त्याचा हात पोकळीत पडला. हिसका काय असतो ते त्याला माहीत होतं. सांगता आलं असतं, कागदावर काढून दाखवता आलं असतं. हाताला माहीत नव्हतं. त्यानं ठरवून हिसका दिला तर दार बोटभर वर गेलं. दुसऱ्यांदा दिला तर पत्रा कुरकुरला. तिसऱ्यांदा बबनच म्हणाला, "राहू द्या दाजी. दोरी बांधतो. वय होतं माणसाचं."

मुरलीधरनं त्या दुपारी ऋजुताला फोन केला.

"मॅडम, सहज विचारतो. समजा, शिकवताना एखाद्यानं एखादी गोष्ट गाळली..."

"तर ती गळेल, काका. दोन्हीकडून. आठवण ओली असताना तुम्ही जसं कराल तशीच ती वाळणार ना? म्हणून तर करारात कलम चौदा घातलंय. वाचलं असेल तुम्ही."

"वाचलंय की," मुरलीधर म्हणाला.

मग त्यानं घरातलं कपाट, संडास, शेजारच्या कुलकर्ण्यांची मारुती, जे सापडेल त्याच्या दारावर महिनाभर सराव केला. सराव पुष्कळ झाला. हिसका आला नाही. त्यानं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, बायकोलाही नाही. सत्तावीस वर्षांत चोरानंसुद्धा नेलं नसतं ते त्यानं चाळीस दिवसांत, रोज दोनशे वेळा, मन लावून घालवलं होतं. ते कुठल्या तोंडानं सांगायचं?

आठव्या महिन्यात पोपटरावांचा आनंदानं ओरडणारा फोन आला. "लोंबली! मुरल्या, लोंबली! नेटवर आलंय. तिकडच्या गाड्यांची दारं खाली बसली, पावसाचं पाणी आत येतंय. आता बघ, येतील परत!"

आणि खरोखरच चार दिवसांनी, टळटळीत दुपारी, त्रिविक्रमची गाडी मुरलीधरच्या दारात थांबली. ऋजुता उतरली. गाडीचं दार तिला दोनदा लावावं लागलं.

* * *

"कारखाना परत येतोय का?" मुरलीधरनं पाणी पुढे करत विचारलं.

"नाही हो काका. पुढे चाललाय." ऋजुतानं एक कागद काढला. "हवासात तीनशे चाळीस कामगार आहेत. सगळ्यांना तुमचाच हात दिलाय. आणि दारं लोंबतायत. वरच्यांचं म्हणणं, तिथली माणसं कामचुकार आहेत. त्यांना काढून कारखाना आणखी स्वस्त देशात न्यायचा. देश कुठला ते गुप्त आहे. बहुतेक त्या देशालाही अजून सांगितलेलं नाही."

"कामचुकार कशावरून?"

"एक मुलगी आहे तिथे, अल्माझ नावाची. फक्त तिची दारं बसत नाहीत खाली. हात तोच, शिक्षण तेच. म्हणजे चूक हाताची नाही, बाकीच्यांची आहे. सरळ आहे. पण तिथला कायदा कडक आहे. आमचं मुद्रण पूर्ण होतं हे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना कामचुकार ठरवता येत नाही. म्हणून तुमची सही हवी."

कागदावर एकच वाक्य होतं. 'मी माझे संपूर्ण कौशल्य दिले असून हातचे काहीही राखलेले नाही.'

मुरलीधरनं या वेळी स्वतःच्या नावाखेरीज बाकीचंही वाचलं. ते त्यानं दोनदा वाचलं. मग "चष्मा आणतो" म्हणून तो आत गेला. चष्मा त्याच्या खिशात होता.

आत अलका, त्याची बायको, मशीनवर बसली होती. ती बावीस वर्षं शिवणाचे क्लास घेत होती; अर्ध्या चाकणच्या पोरी तिच्याकडून ब्लाऊज शिकून गेल्या होत्या. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं. नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं मशीन थांबवलं.

"काय राखलंत?"

मुरलीधरनं सांगितलं. वस्ताद, पोपट, हिसका, पिकअप. सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आठ महिने मात्र तो ते घेऊन फिरत होता.

"अहो, मी कटोरी ब्लाऊज शिकवते," अलका म्हणाली, "तेव्हा काखेचं माप राखून ठेवते का?"

"तालमीत तसं..."

"तालमीत समोरचा अंगावर येतो. इथं कोण आलं होतं तुमच्या अंगावर? काख राखली तर फजिती माझी नाही होत. लग्नात ज्या पोरीच्या अंगावर उसवतं तिची होते." तिनं दोरा दातानं तोडला. "तुम्ही कंपनीला फसवलं असं तुम्हाला वाटतंय. कंपनीला काय, ती चालली पुढच्या गावाला."

"सही नाही केली तर विचारतील, का नाही. सगळीकडे होईल. हस्तगुरू म्हणून लावलंय ते..."

"फ्रिजवर लावलंय. काढलं की मला बरण्या ठेवायला जागा होईल."

मुरलीधरनं खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मग बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, सही करतो का नाही ते सांगतो. आधी मला त्या मुलीचं काम बघायचंय."

* * *

ऋजुतानं टॅब्लेट टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. दुभाष्या यंत्राची एक गोळी मुरलीधरच्या कानात गेली. हवासात अजून सकाळचे साडेदहा होत होते. पडद्यावर पंचविशीतली, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक मुलगी आली. ती पूर्वी कॉफीचे दाणे निवडायची, असं ऋजुतानं सांगितलं. मुलगी काहीतरी बोलली आणि मुरलीधरच्या कानात, जुन्या आकाशवाणीवर प्रादेशिक बातम्या देणाऱ्या बाई बोलल्या.

"महोदय, आपले दर्शन झाल्याने अत्यानंद झाला. आपला हात मी दररोज वापरते."

"दार दाखवता का एक?" मुरलीधर म्हणाला.

अल्माझ दाराशी उभी राहिली आणि मुरलीधर पडद्याकडे वाकला. ती डावा पाय तिरका टाकून उभी होती. त्याचा पाय तालमीत मुरगळला होता, म्हणून तो तसा उभा राहायचा. हिला काय झालं होतं? तिच्या मागे लांबपर्यंत गाड्या होत्या, आणि प्रत्येक गाडीशी कुणी उंच, कुणी ठेंगणा, कुणी पोटुशी बाई, सगळे डावा पाय तिरका टाकून उभे होते. तीनशे चाळीस मुरलीधर कड. कुणालाही चाकण माहीत नव्हतं.

खांदा. गुडघा. मुठीनं दोनदा. फट जुळली. आणि अल्माझचा हात दारावर क्षणभर थांबला.

"ते काय?" मुरलीधर जवळजवळ ओरडला. "आत्ता थांबलात ते?"

"ते आपलेच आहे, महोदय. आम्ही सर्व जण तेथे थांबतो. आम्हांला वाटले, आपल्या देशातील प्रार्थना असावी."

मुरलीधरला एकदम पांढऱ्या मिशा आठवल्या. दारावर थांबलेला म्हातारा पंजा आठवला. कारखान्याच्या फाटकात, पेढ्याचा बॉक्स हातात घेऊन रडणारा तो माणूस आठवला, आणि तोही तिथे काही राखून चालला होता म्हणून रडत होता, हे सत्तावीस वर्षांनी, जेवायच्या वेळेला, त्याच्या लक्षात आलं.

"पुढं करा," तो हळूच म्हणाला. "थांबल्यावर तुम्ही काय करता?"

अल्माझनं आजूबाजूला पाहिलं. "त्या जागी हात उपाशी राहतो असे वाटे. म्हणून मी तेथे माझे थोडे घातले." तिनं मनगट दाराच्या कडेला टेकवलं आणि आतल्या अंगाला जरासं वळवलं. तो हिसका नव्हता. मुरलीधरचा तर मुळीच नव्हता. दाणा निवडून बाजूला करावा, तसं काहीतरी होतं. दार सुटलं.

टप्.

मुरलीधरनं डोळे मिटले. आवाज बरोबर होता.

"बाकीच्यांना का नाही दाखवलं?"

"मनाई आहे. आपल्या मुद्रणाबाहेरची हालचाल हा नियमभंग ठरतो. माझ्यावरही कारवाई प्रस्तावित आहे."

ऋजुता चुळबुळली. मुरलीधरनं सहीचा कागद घेतला, घडी घातली आणि तांब्याखाली सारली.

"मॅडम, लिहून घ्या. मी शेवटची पायरी दिली नाही. मुद्दाम राखली. चाळीस दिवस रोज दोनशे वेळा."

"काका, हे रेकॉर्ड होतंय," ऋजुता घाईनं म्हणाली.

"होऊ दे. मागचं अर्धवट झालं होतं."

मग तो पडद्याकडे वळला. बाईमाणसाशी, त्यातून मुलीच्या वयाच्या, काय बोलावं ते त्याला सुचेना. "पोरी, तिथं प्रार्थना-बिर्थना काही नव्हती. तिथं मी चोरी करत होतो. कारखाना परत यावा म्हणून. तुम्ही माणसं असाल हे, खरं सांगतो, डोक्यातच आलं नाही. हात म्हणाले, हात समजलो."

"ती पायरी आता आपण द्याल का?"

"माझ्याकडंही राहिली नाही ती. शोधतोय."

दुभाष्याला वेळ लागला. अल्माझ ऐकत होती, तिच्या मागचे ऐकत होते. "म्हणजे," बातम्यांच्या बाई सावकाश म्हणाल्या, "दोष आमचा नव्हता."

"नव्हता. एकाचाही नव्हता."

अल्माझ मागे वळून मोठ्यानं काहीतरी म्हणाली. प्रचंड गलका झाला. कुणी दार बडवलं, त्या पोटुशा बाईनं दोन्ही हात वर केले, आणि मुरलीधरच्या कानात बाईंनी निर्विकार आवाजात माहिती दिली, "उपस्थितांत समाधानाचे वातावरण आहे."

ऋजुतानं वहीत लिहिलं: मूळ मुद्रण अपूर्ण, कामगार निर्दोष, अल्माझने इतरांस शिकवण्यास हरकत नसावी. थोडं थांबून तिनं लिहिलं: पितळी हात काढणे. मग तिचे डोळे एकाएकी चमकले. "म्हणजे आता पुढच्या देशासाठी अल्माझचाच हात घेता येईल..." ती म्हणाली. मुरलीधर तिच्याकडे पाहत होता. तिनं पेनाला टोपण लावलं.

आतून मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

"चुकलं माझं," मुरलीधर पडद्याला म्हणाला. "भरून तर काही देता येत नाही. पण माझ्याकडून काही हवं असलं तर सांगा. जे असेल ते देईन. आता काही राखायचं नाही."

अल्माझ जरा लाजली. "आमच्या मनात राग नाही, महोदय. एक लहानशी विनंती मात्र आहे. कित्येक दिवसांपासून विचारायचे होते."

तेवढ्यात पडद्यापलीकडे पावणेअकरा झाले असावेत. कारण तीनशे चाळीस जणांनी एकदम काम थांबवलं. सगळ्यांनी डावा तळहात पसरला, उजव्या अंगठ्यानं तो मन लावून मळला, वरून दोन थापट्या मारल्या, काहीतरी चिमटीत धरलं आणि खालच्या ओठाआड सोडलं. अल्माझनंही. तिचा तळहात रिकामा होता. सगळ्यांचेच रिकामे होते.

"तपासनिसांच्या मते ही प्रक्रियेतील आवश्यक पायरी असून ती वगळता येत नाही," बाई म्हणाल्या. "परंतु तळहातावर नेमके काय घ्यावयाचे, ते कोणासही ठाऊक नाही. आपल्याकडे असल्यास थोडेसे पाठवाल का?"